हे आपल्यापुरतं ठेवा

"एक बेदाणा तळहातावर घ्या. अशी वस्तू आयुष्यात पहिल्यांदाच बघताय, असं समजा."

२०२१च्या जूनमधली संध्याकाळ. झूमवर चौदा चौकटी, चौदा माणसं आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक बेदाणा. मला हसू आवरेना. मी तासगावचा. आमच्याकडे फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत बेदाण्याशिवाय दुसरा विषय नसतो. द्राक्षं उतरवायची, डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायची, शेडच्या जाळ्यांवर पसरायची आणि पुढचे पंधरा दिवस आभाळाकडे बघत काढायचे. एक अवकाळी सर आली की वर्षाचं गणित चुकलं. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. आणि ही बाई मला सांगतेय, पहिल्यांदाच बघताय असं समजा!

बेदाणा कॅलिफोर्नियाचा होता, लाल डबीतला. दोन सेकंदांत मी त्याची प्रत ठरवून मोकळा झालो. माल काळपट, बारीक, सौद्यात मागं पडणार. बाईंनी जणू ते ऐकलंच. म्हणाल्या, मनात काही मत आलं असेल तर आलंय एवढं टिपा आणि पुन्हा बेदाण्याकडे या. आलो. सुरकुत्यांच्या घडीत एक बारीक चमक होती. एका टोकाला देठ तुटल्याची खूण, टाचणीच्या डोक्याएवढी. नाकाशी धरला तर गुळाच्या ढेपेजवळ येतो तसा वास. जिभेवर ठेवायचा, पण चावायचा नाही. अर्धं मिनिट तो नुसता तोंडात, आणि त्या अर्ध्या मिनिटात मला कळलं की बेदाण्याच्या गावात वाढूनही मी एकच बेदाणा कधी खाल्लाच नव्हता. आम्ही मूठ मारायचो.

साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. त्या रात्री झोपही आली नाही. पण 'प्रत ठरवून मोकळा झालो' हे स्वतःचं वाक्य डोक्यात राहिलं. पुढच्या आठवड्यात बघतो तर दिवसभर मी दुसरं काहीच करत नव्हतो. मुलीचं प्रगतिपुस्तक, बायकोचा चेहरा, साहेबांचा मेल, सगळ्यांना दोन सेकंदांत प्रत लावायची आणि पुढं जायचं.

त्या वर्गात मी हौसेनं गेलो नव्हतो. त्याच वर्षी एप्रिलात एका रात्री इथं अमेरिकेत साडेअकराला दादाचा फोन आला. तिकडं सकाळचे नऊ. "आबा पॉझिटिव्ह आलेत." सांगलीत बेड मिळेपर्यंत सात तास गेले. मग अकरा दिवस ऑक्सिजन. मी तेव्हा एच-वन-बी व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. ४ मेपासून अमेरिकेनं भारतातून येणाऱ्यांना दार लावलं; नागरिक आणि ग्रीन कार्डवाले सोडले तर आमच्यासारख्यांना परत येण्याची खात्री उरली नाही. गेलो असतो तर अडकलो असतो. गेलो नाही. आबा वाचले, चालत घरी आले. झोप गेली ती माझी. जूनपर्यंत रोज रात्री अडीच वाजता डोळे टक्क उघडे. शेवटी डॉक्टरांनीच या आठ आठवड्यांच्या वर्गाचं नाव लिहून दिलं.

त्या काळात मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेला शब्द म्हणजे 'पॉझिटिव्ह'. फोनवर दादा म्हणायचा तो एक आणि इथली मंडळी म्हणायची तो दुसरा. "अरे, पॉझिटिव्ह राहा. सगळं नीट होईल." ज्या शब्दानं सकाळी पोटात गोळा यायचा, त्याच शब्दानं संध्याकाळी धीर घ्यायचा. बोलणाऱ्यांच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. त्यातल्या दोघांनी आमच्या दारात डबे आणून ठेवले, ते मी विसरणार नाही. पण त्या शब्दापाशी बोलणं संपायचं. उतू जाणाऱ्या पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. गेलो नाही म्हणून आतून जे खात होतं, ते कुणापाशी निघालंच नाही. चार-पाच वेळा असं झाल्यावर मीही शिकलो. "आबा कसे आहेत?" "मस्त, सुधारताहेत." संपलं.

म्हणून या लेखात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. सकारात्मक मानसशास्त्र आणि माइंडफुलनेस ही दोन्ही चांगली अवजारं आहेत. गेली काही वर्षं मी ती रोज वापरतो आणि सोडायचा विचार नाही. पण ती स्वतःवर चालवायची अवजारं आहेत. शाळेतल्या व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर ती प्रथमपुरुषी एकवचनी आहेत. द्वितीयपुरुषात गेली की त्यांचा उपदेश होतो, आणि उपदेशानं आजवर कुणाची झोप परत आलेली नाही.

हा माझा लहरी शोध नव्हे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य लोकांना स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःविषयीचं मत आधीच बरं होतं, त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं नव्हतं, म्हणजे ज्यांना त्या वाक्याची खरी गरज, त्यांना आणखी वाईट वाटलं. कारण समजणं अवघड नाही. ज्यावर विश्वास नाही ते वाक्य म्हणताना मन आतून एकेक पुरावा उलटा काढून दाखवतं. दुसऱ्यानं म्हणायला लावलं तर जास्तच.

सकारात्मक मानसशास्त्राची गंगोत्री मानली जाते ती गोष्टही नीट ऐकली तर हेच सांगते. मार्टिन सेलिग्मन १९९८ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते. त्याआधीची त्यांची कीर्ती अगदी उलट्या विषयातली: विजेचे झटके चुकवता न येणारी कुत्री पुढं सुटकेची वाट मोकळी असतानाही जागची हलत नाहीत, ही 'शिकलेली असहायता' त्यांनी आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७च्या सुमारास दाखवून दिली होती. तर हे सेलिग्मन बागेत तण काढत होते आणि पाच वर्षांच्या मुलीवर खेकसले. मुलीनं त्यांना आठवण करून दिली की ती पूर्वी सारखी कुरकुरायची, पाचव्या वाढदिवसाला तिनं ते सोडायचं ठरवलं, फार जड गेलं, पण सोडलं. मग बाबांनाही खेकसणं सोडता येईल. ही हकिकत सेलिग्मन स्वतःच सांगतात. मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की पोरीनं आधी स्वतःवर करून बघितलं होतं आणि मगच तोंड उघडलं होतं.

आता इथं आपल्यातले काही जण म्हणतील (दिवाळीच्या फराळाला म्हणालेच आहेत) की यात नवीन ते काय, हे सगळं आपल्याकडे होतंच.

होतं. निदान माइंडफुलनेसच्या बाबतीत तर होतंच, आणि त्याचा माग आपल्या अंगणात काढता येतो. मंडालेत जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका डोकेदुखीवर इलाज शोधत ब्रह्मदेशातच ऊ बा खिन यांच्याकडे गेले, विपश्यना शिकले, १९६९ साली भारतात आले आणि १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी सुरू झालं. मुंबई-नाशिक रेल्वेनं जाणाऱ्या आपल्यापैकी कितीकांनी त्या स्टेशनावर वडा खाल्ला असेल. त्याआधी १९७१ साली बोधगयेला गोएंकांच्या शिबिरात शॅरन साल्झबर्ग नावाची एक अमेरिकन तरुणी बसली होती. तिनं आणि तिच्या साथीदारांनी आपल्या मॅसॅच्युसेट्समध्ये बॅरी गावी ध्यानकेंद्र काढलं, तेही १९७६ सालीच खुलं झालं. त्या बॅरीच्या केंद्रात १९७९च्या वसंतात जॉन कबाट-झिन शिबिराला बसले असताना त्यांना कल्पना सुचली की हे रुग्णालयात का नेऊ नये? आणि त्याच वर्षी वुस्टरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टरांनी मला सुचवला तो वर्ग त्यांनी सुरू केला. ज्यांच्या दुखण्यावर डॉक्टरांकडे आता आणखी काही उरलं नाही असे रुग्ण तिथं यायचे. १९८२ साली गोएंकांचं स्वतःचं केंद्रही इथंच, शेलबर्न फॉल्सला आलं. रविवारी सफरचंदं तोडायला आपण ज्या रस्त्यांनी जातो, त्याच रस्त्यांवर ही सगळी गावं आहेत.

तेव्हा 'आपल्याकडे होतं' हे मान्य. पण माझा प्रश्न असा, की आपण त्याचं काय केलं? शाळेत आम्ही समर्थांचे मनाचे श्लोक म्हणायचो. ते २०५ आहेत आणि त्यातले कितीतरी थेट मनालाच उद्देशून आहेत, म्हणजे माणूस स्वतःशीच बोलतो. याहून जास्त प्रथमपुरुषी साहित्य शोधून सापडणार नाही. आणि आम्ही काय करायचो? कोण न अडखळता भराभर म्हणतो याची स्पर्धा. मला दुसरा क्रमांक होता, स्टीलचा पेला मिळाला होता. जेवणाआधीच्या श्लोकाचं तेच. श्लोक संपेपर्यंत हात भातात गेलेला असायचा. जो बेदाणा एका परक्या बाईनं मला खायला शिकवला, तो खायला मला आजीही शिकवू शकली असती, शिकवायचा प्रयत्नही करायची. "लक्ष कुठंय तुझं? चावून खा." पण मी ते ओरडणं म्हणून ऐकलं. वारसा कपाटात असणं आणि अंगात असणं या निराळ्या गोष्टी आहेत. कपाटातल्या वारशाचा अभिमान मला आता धरवत नाही.

अभिमानच हवा असेल तर भाषेचा धरावा. 'माइंडफुलनेस'ला आपल्याकडे सजगता, अवधान वगैरे प्रतिशब्द सुचवतात. ते छापायला बरे. घरातला शब्द आहे भान. 'भान ठेवून बोल', 'भानावर ये', 'कशाचं भानच नाही याला'. आणि गंमत म्हणजे तीच मराठी 'भान हरपणं' हेही तितक्याच कौतुकानं म्हणते. कुमार गंधर्वांचं गाणं ऐकताना भान हरपतं, रांगोळी काढताना तंद्री लागते. मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी 'फ्लो' म्हणून ज्याचा आयुष्यभर अभ्यास केला, ती हीच तंद्री. तेव्हा भान चांगलं आणि तंद्री वाईट असं काही नाही. वाईट आहे ती तिसरी अवस्था, जिच्यात धड भानही नाही आणि तंद्रीही नाही, नुसतं चित्त थाऱ्यावर नाही. ही अवस्था किती वेळ असते? हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० साली २,२५० माणसांना फोनवर अधूनमधून गाठून विचारलं: आता काय करताय, मन कुठं आहे, कसं वाटतंय. ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. ते सुखाच्या गोष्टींत रमलेलं असलं तरी माणसं समोरच्या कामात असताना होती त्याहून आनंदी नव्हती, आणि इतर कशात भटकत असलं तर उघडच कमी आनंदी होती.

माझी अवस्था त्या सरासरीहून वाईट होती, हे मला आबांच्या फोनवरून कळलं. आजारपणानंतर ते रोज इथल्या सकाळी साडेसातला फोन करतात. मी लॅपटॉप उघडा ठेवून बोलायचो. "हं… हं… बरं…" वर्गात गृहपाठ मिळाला होता की रोजची एक ठरावीक गोष्ट निवडा आणि ती करताना फक्त तीच करा. बाकीच्यांनी दात घासणं निवडलं, भांडी निवडली. मी हा फोन निवडला. पहिल्या दिवशी लॅपटॉप मिटला, खिडकीशी उभा राहिलो आणि नुसतं ऐकलं. तेव्हा ऐकू आलं की आबा वाक्याच्या मध्येच श्वास घेतात. आजाराला दोन महिने झाले होते आणि मला ते माहीत नव्हतं! दादाला विचारलं तर म्हणाला, "जिन्यावर धाप लागती त्यांना. तुला सांगितलं न्हवतं का?" सांगितलं असणार. मी तेव्हा मेल वाचत होतो.

दुसरं अवजार वहीचं. सेलिग्मन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००५ साली इंटरनेटवरून काही व्यायाम तपासले. त्यातला सगळ्यांत साधा असा: रात्री झोपण्याआधी दिवसातल्या तीन बऱ्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढं ती का घडली तेही लिहायचं. हे फक्त आठवडाभर. नुसत्या जुन्या आठवणी लिहिणाऱ्या गटाशी तुलना केली तेव्हा या गटाला सहा महिन्यांनंतरही फरक दिसला. त्यात एक मेख आहे, जी ऐकीव माहितीत गळून जाते. टिकाऊ फायदा मुख्यतः त्यांना झाला, ज्यांनी आठवडा संपल्यावर कुणी न सांगता पुढं लिहिणं चालू ठेवलं.

माझा पहिला आठवडा शुद्ध ढोंग होता. वही माझ्यासमोर आहे. सोमवार: कुटुंब, आरोग्य, नोकरी. मंगळवार: आरोग्य, कुटुंब, छान हवा. सत्यनारायणाच्या पूजेतल्या यादीसारखं. 'का घडली'चा रकाना कोरा, कारण 'कुटुंब का घडलं' याला उत्तर काय लिहिणार? दुसऱ्या आठवड्यात बायकोनं वही बघितली आणि म्हणाली, "हे तू लिहिलंयस की मंडळाच्या अध्यक्षांनी?" (अध्यक्षांनी क्षमा करावी.) त्यानंतर जमायला लागलं. 'आमटीला आज चिंच बरोबर पडली. का: चाखून बघितली, एरवी बघत नाही.' पुढं थंडीत: 'शेजारच्या म्हाताऱ्यानं न सांगता आमच्या दारातला बर्फ ओढला. का: माहीत नाही. विचारायला हवं.' विचारलं. आदल्या हिवाळ्यात त्याच्या बायकोला मी गाडीनं दवाखान्यात सोडलं होतं, ते मला आठवतही नव्हतं.

तेव्हा कळलं की औषध त्या तीन गोष्टींत नसून 'का'च्या रकान्यात आहे. 'का' लिहिलं की चांगलं घडण्यामागं कुणीतरी काहीतरी केलेलं सापडतं. कधी ते आपण असतो, बहुतेकदा दुसरं कुणी. असहाय माणसाला वाटत असतं की जे होतं ते आपोआप होतं. तो रकाना हे वाटणं थोडं थोडं खरवडतो. माझ्या बाबतीत त्यानं आणखी एक केलं. त्या पहिल्या उन्हाळ्यातच एका रात्री मी लिहिलं: 'आबा जिवंत आहेत. का: दादानं सात तास सांगली पालथी घातली.' ते लिहिल्यावर मी दादाला फोन केला आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा म्हणालो की मी यायला हवं होतं. तो म्हणाला, "येऊन काय केलं असतंस? दारात बसला असतास." मग बराच वेळ दोघंही गप्प. झोप त्या आठवड्यापासून थोडी थोडी परतली. वहीमुळं, वर्गामुळं, फोनमुळं की नुसते दिवस गेल्यामुळं, हे सांगणं मला शक्य नाही आणि मी तसा दावाही करत नाही.

हीच अवजारं दुसऱ्याच्या हाती गेली की काय होतं, तेही बघितलं. मी तेव्हा होतो त्या कंपनीनं एका वर्षी सगळ्यांना ध्यानाचं अ‍ॅप फुकट दिलं, 'तणावात लवचीक कसं राहावं' यावर दुपारचं व्याख्यान ठेवलं आणि त्याच आठवड्यात कपातीची यादी लावली. माझी नोकरी राहिली. पलीकडच्या टेबलावरच्या, नागपूरच्या पोराची गेली. नवी नोकरी शोधायचे त्याचे साठ दिवस सुरू झाले. एच-वन-बीवाल्यांना साठ दिवस म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. त्याला मेल आला: अ‍ॅपचं सदस्यत्व आणखी तीन महिने चालू राहील. सॅन फ्रान्सिस्कोचे प्राध्यापक रोनाल्ड पर्सर यांनी २०१९ साली 'मॅक्माइंडफुलनेस' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचा रोख हाच आहे, की दुखणं व्यवस्थेत असताना इलाज माणसाच्या श्वासात शोधायचा. मला तो आरोप मान्य आहे. फक्त एक जोड देतो. त्या पोराला नोकरी श्वासानं मिळाली नाही. ओळखीतून, वकिलाच्या सल्ल्यानं आणि चाळिसेक मुलाखतींनंतर मिळाली. पण तो रोज सकाळी वीस मिनिटं बसायचा, स्वतःहून. सांगायचा, "दादा, बसलो नाही तर मुलाखतीत माझा आवाज कापतो." त्याच अ‍ॅपवर बसायचा! वस्तू तीच. कंपनीनं दिली तेव्हा ती अपमान होती, त्यानं घेतली तेव्हा आधार झाली.

शास्त्र म्हणूनही यावर आंधळा विश्वास ठेवायचं कारण नाही. सुखी माणसात बऱ्या आणि वाईट भावनांचं प्रमाण २.९०१३ला एक हवं, असा शोध २००५ साली मोठ्या नियतकालिकात छापून आला आणि आठ वर्षं मिरवला. चार दशांश स्थळांपर्यंत सुख! पन्नाशी ओलांडलेल्या निक ब्राउन नावाच्या एका अर्धवेळ विद्यार्थ्याला वर्गातच शंका आली. त्यानं हॅरिस फ्रीडमन आणि भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकल यांना सोबत घेतलं आणि २०१३ साली ते गणित पार निकालात काढलं. ध्यानाचं म्हणाल तर जॉन्स हॉपकिन्सच्या माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ४७ चाचण्या तपासल्या. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर बेताचा उपयोग दिसला, व्यायाम किंवा औषधांपेक्षा सरस असल्याचा पुरावा दिसला नाही. २०२२ साली चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवरच्या चाचणीत हा आठ आठवड्यांचा वर्ग एका नेहमीच्या गोळीच्या तोडीस तोड ठरला. म्हणजे बरंच काही. पण त्या माणसांचं निदान झालेलं होतं आणि वर डॉक्टरांचं लक्ष होतं. शिवाय आपल्याच शेजारी, प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन विद्यापीठात विलोबी ब्रिटन वर्षानुवर्षं नोंदवताहेत की काहींना ध्यानानं त्रासही होतो: भीती उफाळते, झोप उडते, जुने घाव वर येतात. तेव्हा कुणी खरोखर खचलं असेल तर त्याला वही देऊ नका. डॉक्टरांकडे न्या. मध्यरात्रीची वेळ असेल तर ९८८ हा तीन आकडी नंबर अमेरिकाभर चालतो.

एक आक्षेप उरतो आणि तो मला सगळ्यांत जड वाटतो. आमच्या एका ज्येष्ठ मैत्रिणीनं विचारलं, "सगळं आपल्यापुरतं ठेवायचं म्हणजे मग दुसऱ्याच्या दुःखात तोंड मिटून बसायचं? असला शहाणपणा काय कामाचा?" बोस्टनमध्ये १९३८ पासून चाललेला हार्वर्डचा प्रौढ जीवनाचा अभ्यास त्यांच्याच बाजूचा आहे. माणसाचं उतारवय कसं जाणार ते जवळच्या नात्यांवरून जितकं कळतं तितकं कशावरूनच नाही, असं तिथले लोक आठ दशकांच्या नोंदींवरून सांगतात.

माझं उत्तर असं, की तोंड मिटायचं, पण उठून जायचं नाही. गेल्या गणपतीत आरतीनंतर पंगत चालली होती. ओळखीच्या एक बाई कोपऱ्यात ताट घेऊन बसल्या होत्या, हात लावलेला नव्हता. मुलगा कॉलेज सोडून घरी आलाय, दार लावून बसतो, असं त्यांनी सांगितलं. माझ्या जिभेवर तेच दोन शब्द आले होते, 'पॉझिटिव्ह राहा', प्रत लावून मोकळं व्हायची जुनी सवय. ते आल्याचं मला कळलं. एवढंच मी गेल्या काही वर्षांत कमावलंय: ते शब्द बाहेर पडण्याच्या अर्धं सेकंद आधी मला कळतात. मी विचारलं, "किती दिवस झाले?" त्या वीस मिनिटं बोलल्या. मोदक गार झाले. जाताना म्हणाल्या, "तुम्ही काहीच सांगितलं नाहीत ते बरं झालं."

तर आता विनंती. जानेवारीच्या पहिल्या शनिवारपासून आठ शनिवार, सकाळी दहा ते साडेदहा, आपल्या गावच्या ग्रंथालयातली मागची छोटी खोली मी मागून घेतली आहे. मी शिक्षक नाही, व्याख्यान होणार नाही, कुणी कुणाला काही सुचवायचं नाही. अर्धा तास बसायचं, नंतर चहा. ज्यांना जमेल त्यांनी यावं, एक कोरी वही आणावी आणि ती कुणाला दाखवू नये. फोन गाडीत ठेवावा. पहिल्या दिवशीचे बेदाणे माझ्याकडून, माणशी एक.